जुन्या मोटारीची संथ चाल

पेडणे तालुक्यातील केरीच्या धक्क्यावर तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत मोटारी उभ्या असतात. डिचोली तालुक्यात नार्वे येथे दिवाडीच्या फेरीसाठी अशीच रांग लागते. या रांगेत एखादी जुनी फोक्सवॅगन बीटल असली, तर लोकांचे लक्ष तिच्याकडे जाते ते केवळ तिच्या भुंग्यासारख्या आकारामुळे नव्हे. तिच्या पाठीमागून येणारा आवाज कधी चढतो, कधी दबतो, मध्येच एक गचका बसतो आणि इंजिन बंद पडते. चालक पुन्हा किल्ली फिरवितो, पॅडल दाबून इंजिन जागते ठेवतो आणि पाय उचलताच पुन्हा तोच प्रकार घडतो. मोकळ्या रस्त्यावर निमूटपणे धावणारी ही गाडी उभी राहिली म्हणजेच का रुसावी, असा प्रश्न तिच्या मालकाला पडल्यावाचून राहत नाही.

इंजिनावर कसलाही भार नसताना आणि पॅडलवरून पाय काढलेला असताना ते आपल्यापुरते फिरत राहते. या फिरण्याला मेकॅनिक लोक 'आयडलिंग' म्हणतात. मराठीत तिला संथ चाल असे नाव देता येईल. ही चाल बिघडली म्हणजे बहुतेकांचा हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. स्क्रू थोडा आवळला की इंजिन जलद फिरू लागते, बंद पडण्याचे थांबते आणि रोग बरा झाला असे वाटते. गॅरेजात अशा वेळी एक ठरावीक संवाद ऐकू येतो. "मेस्त्री, जरा स्क्रू आवळून द्या, मला म्हापशाला वेळेवर पोचायचे आहे," असे मालक म्हणतो. मेस्त्री जाणता असेल तर उत्तर देतो, "बाब, स्क्रू आवळला तर गाडी आज चालेल, पण दुखणे कुठे आहे ते कळायचे नाही." या उत्तरात सगळ्या विषयाचे सार आले आहे. संथ चालीतील दोष हा स्वतः क्वचितच रोग असतो. तो बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी रोगाचे लक्षण असतो. ते लक्षण झाकून टाकले, तर त्याची किंमत पुढे संपूर्ण इंजिनाच्या रूपाने मोजावी लागते.

ही गाडी गोव्यात कशी आली, हेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावरून ती जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात आकारास आली. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४५ च्या डिसेंबरात, वोल्फ्सबुर्ग येथील कारखान्यात तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. मेक्सिकोमध्ये ते जुलै २००३ पर्यंत चालू राहिले, आणि तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १९५० नंतरच्या दशकात डिचोली-सांगे पट्ट्यातील लोहखनिजाच्या निर्यातीमुळे गोव्यात पैसा खेळू लागला होता. पोर्तुगीज राजवटीचे आयातीचे धोरणही सैल होते. त्यामुळे परदेशी मोटारी मुरगाव बंदरात उतरत, आणि त्यांत फोक्सवॅगनचीही भर असे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयातीचे कडक नियम येथे लागू झाले. तेव्हा ज्या गाड्या हाती होत्या, त्या जपून वापरणे प्राप्त झाले. म्हणूनच काही घरांत आजोबांची गाडी आज नातवाच्या हाती आहे. तिचे सुटे भाग गावच्या दुकानात मिळत नाहीत, आणि तिचे अंतरंग जाणणारे मेस्त्रीही उतारवयाला लागले आहेत. अशा स्थितीत मालकाला आपल्या इंजिनाची भाषा थोडीबहुत कळणे हे हौसेपेक्षा गरजेचे झाले आहे.

या इंजिनाची रचना साधी आहे. चार सिलिंडर दोन-दोन असे समोरासमोर आडवे बसविलेले असतात, आणि सगळे इंजिन गाडीच्या मागील बाजूस असते. त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही. जनित्राच्या दांड्यावर एक पंखा बसविलेला असतो. तो पट्ट्याच्या जोरावर फिरतो आणि पत्र्याच्या आवरणातून हवा सिलिंडरांच्या धातूच्या पाकळ्यांवर सोडतो. इंजिन संथ फिरले तर पंखाही संथ फिरतो. ज्या तेलाने इंजिनाचे भाग बुळबुळीत राहतात, तेच तेल उष्णताही वाहून नेते. म्हणून या इंजिनात हवा, तेल आणि मिश्रण या तिन्ही गोष्टी एकमेकींशी अगदी जवळून बांधलेल्या आहेत.

पॅडलवरून पाय काढला की कार्ब्युरेटरमधील हवेची झडप जवळजवळ मिटते. मुख्य मार्गाने पेट्रोल येणे थांबते. तेव्हा पायलट जेट नावाच्या लहानशा पितळी तुकड्यातून पेट्रोल येते, त्यात थोडी हवा मिसळते, आणि हे मिश्रण मिटलेल्या झडपेखालील एका बारीक भोकातून इंजिनात शिरते. त्या भोकावर मिश्रणाचा स्क्रू असतो. जेटचे छिद्र सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे असते. इतक्या बारीक वाटेवर सगळी संथ चाल अवलंबून असल्यामुळे धुळीचा एक कण किंवा हवेची एक फट तिला पुरेशी होते.

दुसरे कारण हिशेबाने कळते. पहिल्या काळातील लहान इंजिनांची संथ चाल मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या आसपास ठेवीत. पुढील १६०० सी.सी.च्या इंजिनांत ती साडेआठशेच्या आसपास असते. मिनिटाला सहाशे फेरे म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला केवळ पाच स्फोट. त्यांतले काही चुकले तर चाकाला पुढे रेटणारा जोर तेवढ्यापुरता नाहीसा होतो आणि गचका लागलीच जाणवतो. तीन हजार फेऱ्यांवर तोच सिलिंडर सेकंदाला पंचवीस स्फोट करतो; तेव्हा एखादा चुकला तरी वेगाच्या ओघात तो लपून जातो. मुलाने भरभर म्हटलेल्या पाढ्यात चूक दडते आणि सावकाश म्हणावयास लावले की ती उघडी पडते, तसाच हा प्रकार आहे. संथ चाल म्हणजे इंजिनाने सावकाश म्हटलेला पाढा होय.

दोष शोधण्यास आरंभ करताना एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: तो केव्हा प्रकट होतो? सकाळी थंड इंजिन बंद पडते आणि तापल्यावर सुधारते, असे असेल तर संशय चोकवर जातो. गरम झाल्यावर आवाज हिंदकळतो आणि मागून काळा धूर येतो, तर चोक उघडत नसावा किंवा पेट्रोल जास्त येत असावे. सदासर्वकाळ चाल खडबडीत असेल तर व्हाल्व, ठिणगी किंवा हवेची गळती यांकडे पाहावे. यानंतर तपासणी एका क्रमानेच करावयाची असते. हा क्रम मोडला की श्रम वाया जातात, कारण पुढची प्रत्येक जुळणी मागच्या जुळणीवर उभी असते.

पहिला क्रम व्हाल्वचा, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'टॅपेट' पाहण्याचा. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. दांडी आणि व्हाल्व यांच्यामध्ये ठरावीक फट लागते. ती पुष्कळ जुन्या इंजिनांत ०.१० मिलिमीटर, तर पुढच्या काळातील इंजिनांत ०.१५ मिलिमीटर असते. आपल्या इंजिनाचा आकडा गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यावा. सिलिंडरांचा स्फोटाचा क्रम १-४-३-२ असा आहे. त्यामुळे इंजिनाची पुली उलट्या दिशेने अर्धा-अर्धा फेरा फिरवीत गेल्यास १, २, ३, ४ असे सरळ क्रमाने टॅपेट तपासता येतात. ही सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे.

येथे फटीच्या आकड्याइतकेच तिच्या वागण्यालाही महत्त्व आहे. एकच व्हाल्व दर वेळी घट्ट झालेला आढळला, तर त्याला नुसते सैल करून सोडून देऊ नये. तो व्हाल्व ताणला जात आहे किंवा त्याची बैठक आत जात आहे, असा त्याचा अर्थ असतो. जुन्या इंजिनांत हा अनुभव तिसऱ्या सिलिंडरच्या बाबतीत विशेष येतो. तेल थंड करणारे उपकरण पंख्याच्या आवरणातच त्या सिलिंडरच्या वर उभे असते, त्यामुळे तेथे पोचणारी हवा कमी आणि गरम असते. घट्ट झालेला व्हाल्व पुरता मिटत नाही, दाब निसटतो, आणि याची पहिली वर्दी संथ चालीच्या खडबडीतून मिळते. याच वेळी कोणी स्क्रू आवळून आवाज गुळगुळीत केला, तर ती वर्दी गप्प होते. मग एके दिवशी भर रस्त्यात व्हाल्वचे डोके तुटते, पिस्टनवर आपटते, आणि काही मिनिटांच्या कामाचे रूपांतर नव्या इंजिनाच्या खर्चात होते.

कोणता सिलिंडर आळशी आहे हे ओळखण्याची जुनी रीत आहे. इंजिन संथ चालीवर असताना एकेका प्लगची तार जाडसर रबरी मोजा घालून क्षणभर काढावी. काढताच चाल खाली आली तर तो सिलिंडर काम करीत आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष तेथे आहे. मग प्लग काढून दाब मोजणाऱ्या घड्याळाने चारही सिलिंडरांची तुलना करावी. एकाचा दाब इतरांपेक्षा फारच कमी निघाला, तर कार्ब्युरेटरशी झगडण्यात अर्थ नाही.

दुसरा क्रम ठिणगीचा. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर असावी. ती बदलली की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून आधी पॉइंट आणि मग टायमिंग, हा नियम कधीही उलटा करू नये. प्लगचे टोक पाहिले म्हणजे पुष्कळ कळते: फिकट तपकिरी रंग निरोगी असतो, कोरडी काजळी पेट्रोलाचा अतिरेक दाखविते, पांढरेपणा मिश्रण अशक्त असल्याचे सांगतो, आणि ओला तेलकटपणा पिस्टनच्या कड्या किंवा व्हाल्वची नळी झिजल्याचे सुचवितो. पेडण्याच्या किनाऱ्यालगत, हरमल, मांद्रे, मोरजी या गावांत, खारी हवा तारांच्या टोकांना हिरवा गंज आणते. पावसाळ्यात तर गोव्याच्या बहुतेक भागात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल साचली की ठिणगी मधल्या मध्ये जिरते. कोरड्या फडक्याने टोपी पुसणे आणि चिरलेली टोपी बदलणे, एवढ्याने कितीतरी 'कार्ब्युरेटरचे दोष' नाहीसे होतात.

तिसरा क्रम हवेच्या गळतीचा. कार्ब्युरेटरच्या खाली गास्केट असते. मॅनिफोल्डची दोन टोके सिलिंडरांच्या डोक्यांना जोडलेली असतात. १९७० नंतरच्या मोठ्या इंजिनांत मध्ये रबरी नळकांडीही असतात. यांपैकी कोठूनही चोरटी हवा शिरली तर पेट्रोल कमी पडते, चाल कधी चढते, कधी पडते, आणि गाडी तापू लागते. संशयाच्या सांध्यावर कुंचल्याने थोडे साबणाचे पाणी लावावे. चाल तत्काळ बदलली तर तेथे फट आहे असे समजावे. या परीक्षेसाठी पेट्रोल कधीही वापरू नये. सगळे सांधे घट्ट असूनही दोष उरला, तर कार्ब्युरेटरच्या झडपेचा दांडा हाताने हलवून पाहावा. पन्नास-साठ वर्षांच्या वापराने त्याची भोके रुंदावलेली असतात आणि तेथून हवा आत येते. हा दोष कोणत्याही स्क्रूने दुरुस्त होत नाही. त्यासाठी लेथवाल्याकडून भोक एकसारखे करवून त्यात नवी बुशी बसवावी लागते.

चौथा क्रम पेट्रोलाचा, आणि येथे आजची एक नवी अडचण आहे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले, आणि २०२५ साली ते वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. जुन्या काळचे रबर त्याने फुगते किंवा मऊ पडते. शिवाय त्यात प्राणवायू असल्यामुळे तेच जेट ठेवले तर मिश्रण थोडे अशक्त होते. दमट हवेत महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज येतो, जुने पेट्रोल चिकट होते आणि पायलट जेटचे छिद्र बुजते. जेट काढून पेट्रोलाने धुवावे व हवेने फुंकावे. त्यात तार घालू नये, कारण छिद्र तिळभर मोठे झाले तरी त्याचे माप कायमचे बिघडते. काही कार्ब्युरेटरांवर जेटच्या जागी विजेची छोटी झडप असते. किल्ली फिरविताच तिच्यातून 'टक्' असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर तिची तार तपासावी.

डिचोलीच्या बाजूचा अनुभव निराळा आहे. शिरगाव, मुळगाव, पिळगाव या खाण भागांतील तांबडी धूळ फार बारीक असते. खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या तेव्हा रस्ते काही काळ निवळले; २०२४ मध्ये डिचोलीत खाणकामाला पुन्हा आरंभ झाला. बीटलच्या पुष्कळ जुन्या इंजिनांवर हवा गाळणारे भांडे तेलाचे असते. हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलात अडकते. त्या तेलाचा चिखल झाला की हवा कोंडते, आणि पातळी चुकली की धूळ सरळ आत जाते. अशा भागात हे भांडे पुस्तकात सांगितल्यापेक्षा लवकर धुणे शहाणपणाचे ठरते.

स्वयंचलित चोक हा आणखी एक फसवा भाग आहे. १९६० नंतरच्या गाड्यांत विजेने तापणारी एक धातूची गुंडाळी हळूहळू चोक उघडते. तिची तार निसटलेली असेल तर चोक मिटलेलाच राहतो आणि गाडी पेट्रोल ओकू लागते. गोव्याच्या उबदार हवेत चोकची गरज थोडाच वेळ असते. म्हणून इंजिन तापल्यावर ही पट्टी सरळ उभी झाली आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

हे चारही क्रम पार पडल्यावरच स्क्रूची पाळी येते. इंजिन पुरते गरम असावे आणि चोक उघडा असावा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवावा. जोराने आवळल्यास त्याचे टोक व बैठक दोन्ही खराब होतात. तेथून तो सुमारे दीड फेरा बाहेर काढावा. इंजिन सुरू करून वेगाच्या स्क्रूने योग्य फेरे ठरवावेत. मग मिश्रणाचा स्क्रू सावकाश आत फिरवावा. चाल पडू लागली की थांबावे, आणि ती एकसारखी होईपर्यंत थोडासा मागे घ्यावा. शेवटी वेग पुन्हा जुळवावा. १९७० च्या सुमारास आलेल्या कार्ब्युरेटरांवर वेगासाठी बाजूला एक वेगळा मोठा स्क्रू असतो. तेथे झडपेच्या टेकूचा स्क्रू फिरवून वेग वाढविणे चूक आहे. दोष खरोखरच गेला असेल तर ही जुळणी पाच मिनिटांत साधते. ती साधत नसेल, तर मागचा एखादा क्रम राहून गेला आहे असे खुशाल समजावे.

फाजील चढविलेल्या चालीचे दुष्परिणाम कोणते, हेही सांगणे अवश्य आहे. गिअर टाकताना दाते कुरकुरतात, पेट्रोल व्यर्थ जळते, आणि किल्ली बंद केल्यावरही तापलेले इंजिन काही क्षण धडधडत राहते. उलट चाल फारच खाली आणली तर तेलाचा दाब कमी होतो आणि त्याचा दिवा लुकलुकतो. दोन्ही टोके टाळावीत.

दोन इशारे मात्र सर्वांत महत्त्वाचे आहेत. पहिला असा की ही सगळी जुळणी उघड्या जागी करावी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याची चाहूल लागत नाही. दुसरा इशारा पेट्रोलाच्या नळ्यांचा. त्या गरम इंजिनावरूनच जातात. जुनी नळी चिरते, किंवा कार्ब्युरेटरमध्ये बसविलेली पितळी नळी ढिली होऊन निघते, आणि पेट्रोल जवळच्या डिस्ट्रिब्यूटरवर ठिबकते. या इंजिनाचा मुख्य भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो पेटला तर पाणी मारून आग विझत नाही, उलट भडकते. म्हणून संथ चाल तपासावयास बसताना पहिली नजर या नळ्यांवर टाकावी आणि संशय आला तर त्या त्याच दिवशी बदलाव्यात.

हा विषय केवळ बीटलच्या मालकांपुरता नाही. गोव्यातील ज्यांच्या घरी जुनी बुलेट किंवा कार्ब्युरेटरची स्कूटर आहे, त्यांचेही इंजिन हवेनेच थंड होते. त्यांच्या मोजमापांचे आकडे वेगळे असले तरी क्रम हाच आहे: आधी व्हाल्व, मग ठिणगी, मग हवा, मग पेट्रोल आणि सर्वांत शेवटी स्क्रू. मालकाने एका छोट्या वहीत तारीख, टॅपेटच्या फटी, प्लगचे रंग आणि केलेली दुरुस्ती टिपून ठेवावी. एखादा व्हाल्व तीनदा घट्ट झाला, हे मेस्त्रीच्या ध्यानात राहीलच असे नाही. वहीत ते लिहिलेले असते. गाडी पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाची झाली, तर चावीबरोबर ती वहीही द्यावी. मग केरीच्या किंवा नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहताना त्या नातवाचा पाय पॅडलवर नसेल, आणि मागचे इंजिन तरीही एका लयीत फिरत राहील.